पट्टीच्या कडेने चालणारी पेन्सिल

ड्राफ्टिंगची पेन्सिल ओळखायची ती टोकावरून. साध्या यांत्रिक पेन्सिलीचं टोक शंकूसारखं निमुळतं होत संपतं. ड्राफ्टिंगच्या पेन्सिलीत मात्र शंकूच्या पुढे सुमारे ४ मिलिमीटर लांबीची, बारीक आणि सरळ धातूची नळी निघालेली असते, आणि शिसं त्या नळीतून बाहेर येतं. खिशात ठेवली तर ही नळी कापडाला भोक पाडते. टोकावर पडली तर वाकते, आणि एकदा वाकली की पेन्सिल जवळपास कामातून जाते. नुसत्या लिहिण्यासाठी असली नळी कुणी मुद्दाम लावणार नाही. ती आहे पट्टीसाठी. टी-स्क्वेअरला किंवा सेट-स्क्वेअरला जाडी असते. शंकूचं टोक त्याच्या कडेला लावलं की शंकूचा उतार कडेवर टेकतो, शिसं कडेपासून अंतर राखून चालतं, आणि हात जरासा कलला की रेघही कलते. सगळीकडे सारख्याच जाडीची नळी कडेला अंगभर चिकटून चालते. शिवाय रेघ नेमकी कुठे पडते आहे ते डोळ्यांना दिसत राहतं, शंकू मध्ये येत नाही.

हे पुस्तक जपानी ड्राफ्टिंग पेन्सिलींच्या संग्रहाविषयी आहे, मुख्यतः १९६० ते १९९० या काळातल्या. संग्राहकांच्या पुस्तकांत सहसा दुर्मिळता आणि किंमत यांचाच बोलबाला असतो. तो मोह इथेही पूर्णपणे टळलेला नाही. पण वाचकाने प्रत्येक पेन्सिल हातात घेऊन आधी एवढंच विचारावं की ही अशी का आहे. या पेन्सिलींवर सजावट जवळपास नसते. खरखरीत पकड, पुढच्या बाजूला झुकलेलं वजन, क्लिपखालची छोटी खिडकी, अंगाचा रंग, यांतल्या प्रत्येकामागे ड्रॉइंग बोर्डवरची एखादी अडचण असते. ती अडचण ठाऊक नसेल तर हा संग्रह म्हणजे काळ्या-चंदेरी कांड्यांचा नुसता ढीग.

पहिली अडचण रेघेच्या जाडीची. तांत्रिक आरेखनात रेघेची जाडी हा मजकुराचाच भाग असतो. वस्तूची दिसणारी कड जाड, मापांच्या रेषा आणि मध्यरेषा बारीक, लपलेल्या कडा तुटक. आपल्याकडे सरकारी खात्यांत ज्यांना आरेखक आणि अनुरेखक म्हणतात, त्यांच्या जगभरच्या भाऊबंदांनी हे काम कित्येक वर्षं लाकडी पेन्सिलीने नाहीतर २ मिलिमीटरच्या क्लच पेन्सिलीने केलं. टोक काढायचं, पॉलिश पेपरवर घासून बारीक करायचं, आणि रेघ ओढताना पेन्सिल बोटांत सावकाश फिरवत न्यायची, म्हणजे टोक चारी बाजूंनी सारखं झिजतं. रेघेच्या सुरुवातीची जाडी तिच्या शेवटापर्यंत टिकवणं हेच निम्मं कसब होतं. पुढे आंतरराष्ट्रीय मानकांनी या जाड्याही ठरवून दिल्या. ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मिलिमीटर अशी ती मालिका आहे, आणि त्यातली प्रत्येक पायरी आधीच्या सुमारे १.४ पट आहे. कागदाच्या ए-मालिकेतही ए३ वरून ए२ वर जाताना बाजू तेवढ्याच पटीने वाढते. त्यामुळे नकाशा मायक्रोफिल्मवर घेऊन पुन्हा वेगळ्या आकारात छापला, तरी त्यातल्या रेघा मानकातल्याच कुठल्यातरी जाडीवर येऊन बसतात. मानकाची ही शिस्त सुंदर आहे. पॉलिश पेपरवर घासलेल्या टोकाने मात्र ती पाळता येणं अवघड.

शिशाचीच जाडी कायमची ठरलेली असेल तर टोक काढायचा प्रश्नच उरत नाही, ही गोष्ट सुचायला फार बुद्धी लागत नाही. खरी अडचण बारीक शिसं बनवण्यात होती.

जपानमध्ये यांत्रिक पेन्सिलीची गोष्ट सांगताना तोकुजी हायाकावा यांच्यापासून सुरुवात करायची रीत आहे, आणि ती मोडायचं कारण नाही. १८९३ साली टोकियोत जन्मलेला हा धातुकारागीर. भोकांशिवाय घट्ट बसणारं पट्ट्याचं बक्कल त्याने १९१२ साली काढलं आणि १९१५ साली धातूची यांत्रिक पेन्सिल बनवली. देशातल्या दुकानदारांनी सुरुवातीला ती नाकारली. धातू हाताला गार लागतो आणि किमोनोवर ही वस्तू शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या महायुद्धामुळे जर्मन माल मिळेनासा झाला आणि योकोहामाच्या व्यापाऱ्यांमार्फत परदेशी मागणी आली, तेव्हा कुठे धंदा उभा राहिला. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात आणि नंतरच्या आगीत हायाकावाची बायको आणि दोन मुलं गेली, कारखाना जळाला. कर्ज फेडायला त्याने पेन्सिलीचे हक्क विकले, तो ओसाकाला गेला आणि रेडिओकडे वळला. त्याच्या ‘एव्हर-रेडी शार्प पेन्सिल’मधला ‘शार्प’ हा शब्द पुढे त्याच्या कंपनीचं नाव झाला. आपल्याकडे तो कॅल्क्युलेटरवर आणि टीव्हीवर पोचला. हायाकावाची पेन्सिल मात्र ड्राफ्टिंगची नव्हती. तिचं शिसं एक मिलिमीटरहून जाड, ग्रॅफाइट आणि माती मिसळून भाजलेलं, म्हणजे फ्रेंच संशोधक कोंतेच्या १७९५ च्या कृतीने केलेलं. मातीचं शिसं अर्ध्या मिलिमीटरवर आणलं तर ते कागदाला टेकण्याआधीच मोडतं.

ती अडचण सुटली १९६० साली. दाई निप्पॉन बुंगू या कंपनीने (हीच पुढे १९७१ साली पेंटेल झाली) मातीऐवजी कृत्रिम राळ वापरली. ग्रॅफाइटची भुकटी राळेत मळायची, बारीक छिद्रातून तिच्या तारा काढायच्या आणि हवा लागू न देता भट्टीत भाजायच्या. त्या उष्णतेत राळेचा कार्बन होतो आणि तो ग्रॅफाइटचे कण एकमेकांशी बांधून ठेवतो. मग त्या काड्या तेलात मुरवायच्या, म्हणजे कागदावर गुळगुळीत चालतात. आधी ०.९ मिलिमीटरचं शिसं आलं आणि १९६२ साली ०.५ चं. पुढच्या दशकात ०.२ पर्यंत मजल गेली. ड्राफ्टिंग पेन्सिलींच्या संग्राहकांना मी नेहमी सांगतो की तुमच्या कपाटातली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे शिशाची ती प्लॅस्टिकची डबी. तिच्याभोवतीची पेन्सिल नंतर आली.

एक गंमत इथेच सांगून टाकतो, कारण पुढे मापांच्या तक्त्यांत वाचक गोंधळतील. ०.५ चं शिसं ०.५ नसतं. मायक्रोमीटर लावला तर ते ०.५६ च्या आसपास भरतं, आणि ०.३ चं ०.३८ च्या आसपास. हे थोडं जाड मापच रूढ झालं आणि जपानी मानकानेही ते तसंच स्वीकारलं. मानकांच्या जगात असली लबाडी चालून जाते, याचं मला बरं वाटतं.

बारीक शिसं आल्यावर ते धरायचं कसं, हा पुढचा प्रश्न. आत एक छोटी पितळी चिमटी असते, दोन किंवा तीन जबड्यांची, आणि तिच्याभोवती एक कडं. मागचं बटण दाबलं की चिमटी आणि कडं दोन्ही शिसं घेऊन पुढे सरकतात. कडं एका ठिकाणी अडतं, चिमटी त्याच्यातून बाहेर पडून उघडते आणि शिसं सुटतं. बटण सोडलं की स्प्रिंग चिमटीला मागे ओढते. त्या क्षणी शिसं चिमटीबरोबर मागे जाऊ नये म्हणून टोकाच्या आत रबराची एक इवलीशी चकती त्याला हलकेच अडवून धरते. सगळा खेळ शतांश मिलिमीटरचा. स्वस्त पेन्सिलीत चिमटी प्लॅस्टिकची असते आणि काही वर्षांत घसरू लागते, मग रेघ ओढताना शिसं दाबासरशी आत जातं. जुन्या चांगल्या जपानी पेन्सिली आजही नव्यासारख्या चालतात त्याचं श्रेय पितळाला आणि लेथवर ते पितळ कातणाऱ्या हातांना. त्या रबरी चकतीचं आयुष्य मात्र धातूइतकं नसतं. ती कडक झाली की टोक खाली धरताच मोकळं शिसं घरंगळून बाहेर पडतं.

हे सगळं जपानमध्येच एवढ्या नेटाने का घडलं, याचं उत्तर त्या देशात तेव्हा किती रेघा ओढल्या जात होत्या यात आहे. १९५६ साली जपान जहाजबांधणीत ब्रिटनला मागे टाकून पहिला आला. १९५८ साली टोकियो टॉवर उभा राहिला आणि १९६४ च्या ऑक्टोबरात टोकियो ते ओसाका शिन्कान्सेन धावू लागली. मोटारी, कॅमेरे, धरणं, पूल, प्रत्येकाच्या मागे हाताने काढलेल्या नकाशांचे गठ्ठे होते. मुतोह कंपनीचं ‘ड्राफ्टर’ हे यंत्र, म्हणजे दोन पट्ट्यांचा काटकोन कागदावर कुठेही समांतर सरकवणारा हात, तिथल्या आरेखन-कचेऱ्यांत टेबलाटेबलाला जोडलेलं असे. आपल्याकडे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला ज्यांनी मिनी ड्राफ्टर पाठीवर अडकवून एसटीतून नेला आहे त्यांना याचं काम वेगळं समजावून सांगायला नको. एवढ्या मोठ्या संख्येने रोज आठ-दहा तास रेघा ओढणारी माणसं असली की पेन्सिल बनवणाऱ्याला सबबी सांगता येत नाहीत. गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या कंपनीची पेन्सिल घेतं.

म्हणून १९७० नंतरची पंधरा-वीस वर्षं ही या वस्तूची खरी बहराची. १९७० साली पेंटेलने पी २०५ आणली: काळं, पैलूदार प्लॅस्टिकचं अंग, धातूचं टोक, आणि मागच्या खोडरबराला नळीतला कचरा काढायची तार. वजन जेमतेम ९-१० ग्रॅम. याच घराण्यात ०.३ ची तपकिरी, ०.७ ची निळी, ०.९ ची पिवळी, म्हणजे बोर्डवर चार पेन्सिली पडल्या असल्या तरी हात न चुकता हवी ती उचलतो. संग्राहकांत पी २०५ ला कुणी फारसं विचारत नाही, कारण ती आजही बनते आणि कुठेही मिळते. माझ्या मते हा शुद्ध अन्याय आहे. अर्धशतक जवळपास न बदलता टिकलेलं डिझाइन हाच जर मोठेपणाचा निकष असेल, तर कपाटाचा वरचा कप्पा तिचा.

तिच्यापेक्षा वरच्या दर्जाच्या पेन्सिलींत उत्तरं अधिक गुंतागुंतीची होत गेली. पकडीवर नर्लिंग आलं, म्हणजे लेथवर दाबून उठवलेली खरखरीत जाळी. घामट बोटं तिच्यावरून घसरत नाहीत, पण दिवसभर काम केलं तर मधल्या बोटाला घट्टा पडतो. टोकाजवळ पितळ घालून वजन पुढे आणलं, त्यामुळे पेन्सिल कागदावर स्वतःच्या भाराने टेकते आणि मनगटाला दाब द्यावा लागत नाही. क्लिपजवळ एक कडं आणि त्यात खिडकी आली. कडं फिरवून २एच, एच, एफ, एचबी यांतलं हवं ते अक्षर खिडकीत आणायचं. दिसायला सारख्याच पाच पेन्सिली पाच कठीणपणांच्या शिशांनी भरून ठेवणाऱ्या माणसासाठी ही सोय आहे. एकच पेन्सिल बाळगणाऱ्याला तिचा उपयोग शून्य. ओहटोच्या प्रोमेका पेन्सिलीत तर नळीची लांबीच फिरवून कमी-जास्त करता येते: जाड पट्टीला लांब, अक्षरं काढायला आखूड. प्लॅटिनमची प्रो-यूज, टोंबोची मोनो टेक, पायलटची एच-मालिका आणि पेंटेलची मेकॅनिका यांची तपशीलवार ओळख पुढे येईल. मेकॅनिकासाठी संग्राहक जे पैसे मोजतात ते मला पटत नाहीत, पण ती हातात घेतल्यावर ते का मोजतात हे कळतं.

या काळात पश्चिमेची मोठी नावंही जपानकडे वळली. अमेरिकी बोर्डांवर सर्रास दिसणारी अॅल्विनची ड्राफ्ट-मॅटिक आणि कोहिनूरची रॅपिडोमॅटिक यांच्या अंगावर बारीक अक्षरांत जपानचं नाव सापडतं. जर्मन स्टेड्लरची ९२५ मालिका जपानी आहे. जर्मन काटेकोरपणाचं प्रतीक म्हणून जी मिरवली जाते ती रोट्रिंग ६०० सुद्धा आज जपानचं नाव घेऊन विकली जाते. त्यामुळे ‘जपानी’ संग्रहाची हद्द कुठे आखायची, हा प्रश्न नुसत्या ब्रँडवर सुटत नाही. मी ती कारखान्यावरून आखली आहे. पेन्सिल जिथे कातली गेली तो तिचा देश.

आता या गोष्टीतला बोचणारा भाग. पेंटेलची ग्राफ १००० फॉर प्रो ही अनेकांच्या मते या जातीची सर्वांत समतोल पेन्सिल. धातूच्या पकडीतून रबराचे छोटे ठिपके वर आलेले, त्यामुळे नर्लिंगसारखी धरून ठेवते आणि तरीही बोटाला टोचत नाही. ती बाजारात आली १९८६ साली. त्याआधी चार वर्षं, १९८२ च्या डिसेंबरात, अमेरिकेत ऑटोकॅडची पहिली आवृत्ती विक्रीला लागली होती. नव्वदच्या दशकात जपानी कचेऱ्यांतले ड्राफ्टर एकेक करून उतरवले गेले, मिनी ड्राफ्टर आपल्या पॉलिटेक्निकांत तेवढा राहिला. हत्यार सर्वोत्तम झालं तेव्हा काम निघून चाललं होतं. काही जण यात करुण रस शोधतात. मला त्यात साधा हिशेब दिसतो: पंचवीसेक वर्षं गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकल्यावर जे तयार होतं ते ऐंशीच्या दशकात तयार झालं, आणि संगणकाला पेन्सिलीच्या वेळापत्रकाशी काही देणंघेणं नव्हतं.

पेन्सिली नाहीशा झाल्या नाहीत, त्यांचं गिऱ्हाईक बदललं. शाळा-कॉलेजची मुलं आणि कारकून आले, नळी आत सरकणारी झाली, पकड मऊ झाली. मित्सुबिशी पेन्सिलने २००८ साली कुरु तोगा काढली. (तीन हिऱ्यांचं चिन्ह असलं तरी मोटारी बनवणाऱ्या मित्सुबिशीशी या कंपनीचा संबंध नाही. तिने ते चिन्ह त्यांच्याआधी नोंदवलं होतं.) या पेन्सिलीत शिसं कागदावरून उचलून टेकवलं की दर वेळी ९ अंशांनी आपोआप फिरतं, म्हणजे चाळीस टेकवण्यांत एक पूर्ण फेरा. जुन्या आरेखकाच्या बोटांचं काम इथे दातेरी चाकांनी घेतलं. मात्र फूटभर लांब एकसंध रेघ ओढताना शिसं उचललंच जात नाही, त्यामुळे ते फिरतही नाही. जपानी अक्षरांच्या तुटक फटकाऱ्यांसाठी कुरु तोगा उत्तम आहे, पट्टीसाठी बोटं अजून लागतात.

संग्रह करणाऱ्याने पाहायच्या खुणांबद्दल थोडं. जपानी पेन्सिलींच्या नावातले आकडे पुष्कळदा मूळ किंमत सांगतात. ग्राफ १००० म्हणजे एक हजार येन, पायलटची एस २० म्हणजे दोन हजार. न विकला गेलेला जुना माल गावोगावच्या लहान स्टेशनरी दुकानांच्या खणांतून अजून निघतो, आणि त्याच्यावरच्या चिठ्ठ्या वाचायची सवय लावून घ्यावी. जपानमध्ये उपभोग कर १ एप्रिल १९८९ पासून आला, आधी ३ टक्के. वेष्टनावर कराचा उल्लेख असेल तर ते वेष्टन त्यानंतरचं. बारकोड असेल तर बहुधा ऐंशीच्या दशकातलं किंवा पुढचं. एवढ्यावर साल ठरत नाही, पण विकणारा ‘सत्तरचं मॉडेल’ म्हणून बारकोडवाली डबी पुढे करत असेल तर भाव पाडायला पुरतं. वेष्टन न उघडता जपून ठेवण्याच्या हट्टाला माझा विरोध आहे. आतलं रबर न वापरताही म्हातारं होतं, आणि बंद डबीत ते कुणाला कळत नाही.

विकत घेताना टोकाचा फोटो दोन बाजूंनी मागावा, कारण वाकलेली नळी एका बाजूने सरळ दिसते. क्रोम उडालेलं चालेल, अंगावर कुणा आरेखकाने कोरलेली आद्याक्षरं तर हौसेने घ्यावीत. भेगाळलेलं प्लॅस्टिक मात्र नको. पी २०५ च्या नकला बाजारात मुबलक आहेत, तेव्हा तिच्या बाबतीत स्वस्ताईला भुलू नये. आणि पेन्सिल हातात आली की काचेच्या कपाटात जाण्याआधी तिला एकदा कामाला लावावं. २एच चं शिसं भरावं, ट्रेसिंग पेपरवर स्टीलची पट्टी ठेवावी, पेन्सिल जवळपास उभी धरून बोटांत फिरवत ३० सेंटिमीटरची रेघ ओढावी, आणि भिंगातून तिची दोन्ही टोकं पाहावीत. जाडी सारखी असेल तर चिमटी, नळी आणि हात तिन्ही ठीक आहेत. नसेल तर आधी दुसऱ्याला ओढायला सांगावं, आणि मगच विकणाऱ्याला पत्र लिहावं.